दोन नळ्यांत आप्पा

समुपदेशक बाईंनी फोनवर आधी विचारलं, "बसला आहात ना?"

धाकटी त्या वेळी दुकानाच्या मागच्या खोलीत शिडीवर उभी राहून वरच्या दांडीवरचा लोकरी कोट काढत होती. "हो, बसलेय," ती म्हणाली.

"प्रयोगशाळेनं चाचणी मध्येच थांबवलीय. घाबरू नका, रोगाचं जनुक अजून कुणी वाचलेलंच नाही. त्याआधी ते एक साधी पडताळणी करतात, नमुना पुरुषाचा आहे की बाईचा. त्यात तुमच्या ताईंच्या नळीत पुरुष निघालाय."

"कोण पुरुष?"

"ते तुम्हीच सांगायचं. तुमच्या नळीतही तोच आहे."

धाकटीनं कोट खांद्यावर टाकला आणि शिडी दोन्ही हातांनी धरली. "आणि दादाच्या?"

"बाई."

"म्हणजे आम्ही दोघी बहिणी पुरुष आणि भाऊ बाई?"

"कागदावर तसं दिसतंय खरं. दोन नमुने तंतोतंत एकाचेच निघाले, म्हणून त्यांनी तिसराही ताडून पाहिला. ही बाई त्या पुरुषाची मुलगी आहे." मग बाईंचा आवाज अडखळत आला. "माफ करा. मी हसत नाहीये."

"हसा हो. तुमचं काय जातंय?"

बाईंनी लगेच आवाज सावरला. तिघांनी निकाल एकमेकांसमोर सांगायला संमती दिली होती म्हणूनच आपण इतकं बोललो, असं त्या म्हणाल्या; आता मात्र पुन्हा नमुने द्यावे लागतील. या वेळी थुंकी नाही, रक्त, आणि तेही दवाखान्यात, नर्ससमोर. धाकटीनं फोन ठेवला. शिडीवरून उतरली. कोट डाग काढायच्या टेबलावर पसरला आणि त्याच्याकडे बघत राहिली. तिचं कामच ते. ताई काउंटर सांभाळायची, दादा इस्त्री, आणि धाकटी डाग. डाग काढायचा तर तो कशाचा आहे ते आधी कळावं लागतं. चुकीचं औषध लागलं की तो कायमचा बसतो.

चाचणीची गरज तिला होती, बाकी कुणाला नव्हती. आईच्या वडिलांना विसरण्याचा आजार केस पिकायच्या आत झाला, मग मामाला, मग आईला. डॉक्टरांनी आईचं रक्त तपासून दोष नेमका कुठे आहे ते शोधलं आणि सांगितलं की प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. छाप की काटा. धाकटीला मूल हवं होतं. दोष असेल तर तो पुढे जाऊ न देता गर्भ राहण्याचे उपाय आहेत. नसेल तर उपायांची गरजच नाही. पण आधी कळायला हवं. ती आणि तिचा नवरा तेवढ्यासाठी थांबले होते. ती एकटीच चाचणी करणार होती. दादानंच जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं, "एकटी का? तिघं करू! भाऊबहीण कशाला असतात?" ताईनं मान डोलावली. धाकटीला तेव्हा रडू आलं होतं.

आता तिला त्या रडण्याचा राग आला.

*

दुकान बंद असायचं त्या दिवशी दुपारी तिनं सगळ्यांना बोलावलं. निरोप एवढाच, "फोन आला होता." निकाल आला असं ती म्हणाली नाही, पण ऐकणाऱ्यांनी तसंच समजावं याची काळजी घेतली.

दादा ऐटीत आला. इस्त्रीच्या टेबलावर चढून बसला, पाय हलवू लागला. त्याला कसली भीती नव्हती, कारण त्यानं भीतीचा बंदोबस्त करून ठेवला होता. उलट समोर काउंटरवर कोपरं टेकून बसलेल्या ताईचा चेहरा बघून त्याला वाईट वाटलं. बिचारी ताई. धीर द्यायला हवा. वहिनी, म्हणजे त्याची बायको, शाळेत गणित शिकवायची. ती उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊनच आली होती आणि लाल पेन कानामागे होतं. कोपऱ्यात आई गरम वाफेच्या नळाशेजारच्या खुर्चीवर बसून कुणाचा तरी शर्ट घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. घडी दर वेळी अचूक. आप्पा तिच्या स्वेटरची बटणं लावण्यात गर्क होते.

"कुणाचं आधी सांगू?" धाकटीनं विचारलं.

"माझं," दादा म्हणाला. "सांग बिनधास्त. जे असेल ते असेल. माणसानं छातीवर झेलावं."

"छातीवरच झेलायचंय. दादा, तू बाई आहेस."

इस्त्रीच्या टेबलावरचे पाय हलायचे थांबले.

"तरीच!" वहिनीनं उत्तरपत्रिकेवरून मान वर न काढता म्हटलं. "घरात माझी पावडर पुरत नाही ती."

"काय चाललंय काय? ही थट्टा आहे?"

"प्रयोगशाळेनं सांगितलंय. तुझ्या नळीत बाई आहे. ताई, तू पुरुष आहेस. मीसुद्धा. तुझ्यामाझ्यात एकच पुरुष आहे."

ताईनं काउंटरवरची टाचण्यांची डबी उचलली आणि होती तिथेच ठेवली. दादा मनातल्या मनात भराभर हिशेब करत होता आणि तो जुळत नव्हता. त्याच्या नळीत पुरुष निघायला हवा होता. कोणता, तेही त्याला ठाऊक होतं.

"थांबा," वहिनीनं कानामागचं पेन काढलं. "दोन नळ्यांत एकच पुरुष. तिसरीत बाई. ह्या दोघांचं नातं काही कळलं?"

"ती त्याची मुलगी."

"मग सोपं आहे. ताईंची किंवा धाकटीची थुंकी, आणि बापाची. आता मला सांगा, ह्या मुलींना बाप किती?"

"एक," आप्पा बटण लावता लावता म्हणाले. "निदान माझ्या माहितीप्रमाणे."

सगळे त्यांच्याकडे वळले. आप्पांनी शेवटचं बटण लावलं, स्वेटर खालून नीट ओढला आणि आईच्या शेजारी हात गुडघ्यांवर ठेवून बसले. फोटो काढायला बसतात तसे.

दादानं ओळखलं, आता झाकली मूठ फार वेळ झाकलेली राहत नाही. "बरं," तो म्हणाला. "माझ्या नळीत आप्पा थुंकले. मीच सांगितलं. आईकडचा आजार, आप्पांचा काय संबंध? माझा निकाल स्वच्छ आला असता, कुणाला काही कळलं नसतं. मला नाही जाणून घ्यायचं. पण मूठ आपटून बसलो होतो ना सगळ्यांदेखत!"

"लाज नाही वाटली?" ताई ताडकन उठली. "धाकटीला तोंडावर सांगितलंस तिघं करू म्हणून, आणि मागे जाऊन म्हाताऱ्या बापाला थुंकायला लावलंस? मोठा भाऊ म्हणवतोस? ह्या घरात खोटेपणा कधी..."

आप्पांनी घसा खाकरला. "ताई, तू फार बोलू नकोस."

"का म्हणून?"

"तुझी नळी मी आदल्या संध्याकाळी भरली. त्याची दुसऱ्या सकाळी."

वाफेचा नळ सुस्कारला. वहिनी हसायला लागली, आधी हळू, मग उत्तरपत्रिका तोंडावर धरून. दादा उडी मारून टेबलावरून उतरला.

"अगं ए चोरे! चोराच्या उलट्या बोंबा!"

"तू गप्प बस."

"मी गप्प? खोटेपणा कधी म्हणे! पुढे काय म्हणणार होतीस? पूर्ण कर की वाक्य!"

"आणि आप्पा, तुम्ही?" धाकटी आप्पांसमोर जाऊन उभी राहिली. "दोघांनी सांगितलं आणि तुम्ही थुंकलात?"

"दोघांनी शपथ घातली, दुसऱ्याला सांगायचं नाही म्हणून. मी कुणाला सांगितलं का?" आप्पांच्या चेहऱ्यावर चोख माल पोचवणाऱ्याचं समाधान होतं, आयुष्यभर त्यांनी गाडीवरून कपडे घरपोच केले होते, आणि एका गिऱ्हाइकाची गोष्ट दुसऱ्याकडे कधी बोलले नव्हते. "सोपं काम नव्हतं ते. फेस मोजत नाहीत. रेघेपर्यंत खरी थुंकी लागते. पहिल्या नळीला मी लिंबाचा विचार केला. दुसऱ्या नळीला लिंबानंही काही होईना, तेव्हा दादाच्या लग्नाचा खर्च आठवला."

"त्यानं तोंडाला पाणी सुटलं?" वहिनीनं विचारलं.

"फेस आला. म्हणून वेळ लागला."

धाकटीला हसायचं नव्हतं. तिनं ओठ आवळून धरले. दादा आणि ताई मात्र आता एकमेकांच्या शेजारी उभे होते. लहानपणी काचेची बरणी फुटली की ते असेच उभे राहायचे, खांद्याला खांदा लावून, आणि दोघांची मिळून एकच गोष्ट तयार असायची.

"हे बघ," ताईनं सुरुवात केली, "आम्ही दोघांनी तुझं काही वाकडं केलं नाही."

"आमच्या नळ्या आमच्या," दादानं री ओढली. "आम्हाला नको होतं कळायला. तुझी नळी तुझी. तुझा निकाल तुला मिळालाच असता."

"मग माझ्या नळीत आप्पा कसे?"

ह्या प्रश्नाला त्या दोघांची मिळून गोष्ट तयार नव्हती. दादानं ताईकडे पाहिलं. ताईनं टाचण्यांच्या डबीकडे.

*

ताईला ठाऊक होतं, आणि तिनं ते सांगितलं.

ह्या दुकानात गिऱ्हाइकाच्या कपड्याला चिठ्ठी लावत नाहीत, हा आईचा नियम. बाकीच्या लाँड्र्यांत कॉलरला नंबर टाचतात. आई म्हणायची, माणसाला नंबर लावतो का आपण? कोट हातात आला की तिला कळायचं, हा डावा खांदा उतरता म्हणजे पेढीवरचे ते, ही कोपरं झिजलेली म्हणजे ग्रंथालयातल्या त्या. मुलं त्याच वळणात वाढली. दांडीवर कपडे आले त्या क्रमानं लावायचे आणि लक्षात ठेवायचे. गावभर त्याचं कौतुक होतं, आणि ताईला त्याचा सगळ्यांहून जास्त अभिमान होता.

पण नळ्यांच्या बाबतीत तिनं हा हट्ट धरला नव्हता. दवाखान्यानं तीन नळ्या दिल्या, तीन नंबरांची चिकटपट्टी दिली, आणि ताईनं प्रत्येक नळीवर ज्याचा त्याचा नंबर नीट लावला. नळ्या वयाच्या क्रमानं फळीवर उभ्या केल्या. मग गिऱ्हाईक आलं म्हणून ती पुढे गेली. परत आली तेव्हा आई फळीशी उभी होती. आजार झाला तरी आईच्या हातांचे नियम शाबूत होते. औषधाच्या बाटल्यांवरचे, जामच्या बरण्यांवरचे, जिथे दिसेल तिथले कागद ती नखानं सोलून काढायची. नळ्या तिन्ही कोऱ्या होत्या, पुसून लख्ख केलेल्या, आणि टेबलावर आडव्या. तीन नंबर आईच्या स्वेटरच्या बाहीवर ओळीनं चिकटलेले.

"मग?" धाकटीनं विचारलं.

"मग मी ते काढले आणि परत लावले."

"लक्षात ठेवून?"

"लक्षात ठेवून."

"चिठ्ठी नाही लावायची, लक्षात ठेवायचं!" दादा म्हणाला. "जिच्यात खरी थुंकी, नेमकी तीच चुकली! धाकटीची! चुकून तरी ती बरोबर लागायला हवी होती ना?"

"ती चुकायची शक्यता तिनात दोन," वहिनी म्हणाली. "एवढी काही कमी नाही."

"तू मध्ये गणित आणू नकोस."

धाकटी मात्र दुसराच हिशेब करत होती, आणि तो संपला तेव्हा ती हळूहळू शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. "प्रयोगशाळेनं ती पडताळणी केली नसती तर," ती म्हणाली, "माझा म्हणून आप्पांचा निकाल आला असता. स्वच्छ. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं असतं, झालं, सुटलो, आता कसल्या उपायाची गरज नाही. आणि मला मूल झालं असतं. आप्पांच्या थुंकीवर."

आप्पांचे गुडघ्यांवरचे हात सैल झाले. ह्या गोष्टीचा हा भाग त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. ज्या दोघांना झोप हवी होती त्यांना त्यांनी झोप दिली होती, एवढंच त्यांना वाटत होतं. बापाच्या हातात ह्या वयात द्यायला आणखी असतं काय. तिसरीची झोप त्याच नळीतून जाणार होती हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते उठले, धाकटीजवळ गेले, आणि काय करावं ते न सुचून तिच्या खांद्यावरचा लोकरीचा धागा उचलला.

"चुकलो," ते म्हणाले. आप्पा हा शब्द फार वापरत नसत.

"तुमचं राहू द्या," ताई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "सांगते. मी लक्षात ठेवून लावलेच नाहीत. त्या तीन नळ्यांपुढे उभी राहिले आणि मला आठवेना. माझी नळी मीच फळीवर ठेवली होती. पहिली. पण आता त्या आडव्या होत्या, आणि पहिली कुठून पहिली तेच कळेना. आईला विचारलं. आई हसली. मी खूप वेळ उभी होते. मग लावून टाकले, अंदाजानं. कुणाला सांगू? काउंटरवरच्या बाईला आठवत नाही म्हणून?" तिनं डबी घट्ट मिटली. "थुंकी आप्पांची घेतली ती घाबरून. पण खरी घाबरले ती त्यानंतर."

दादा आता तिच्या शेजारून हलला नाही, पण चिडवायचं विसरला.

"अहो ताई," वहिनीनं उत्तरपत्रिका बाजूला ठेवल्या, "तीन सारख्या नळ्या. तिन्हींत थुंकी. त्यांतल्या दोन तर एकाच माणसाच्या. कोण ओळखणार?"

"आईनं ओळखलं असतं."

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आईनं शर्टाची घडी पूर्ण केली होती आणि कॉलर अंगठ्यानं दाबत होती.

"आईनं कोट ओळखले," दादा म्हणाला. "थुंकी ओळखण्याचा दावा तिनंसुद्धा कधी केला नाही."

ताईला हसू फुटलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तिनं ते समोर लटकलेल्या कुणाच्या तरी धुतलेल्या पडद्याला पुसले.

"अगं, तो गिऱ्हाइकाचा आहे!" धाकटी ओरडली.

"तू आहेस ना डाग काढायला."

धाकटी उठली. "ऐका आता. मला सोबत नको होती. सोबतीचं नाटक तर मुळीच नको. उद्या मी रक्त द्यायला जाणार. ज्याला नको असेल त्यानं नको म्हणावं. तोंडानं. माझ्या तोंडावर."

दादानं पायातल्या चपलेकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग बहिणीकडे. "नको," तो म्हणाला. शब्द बाहेर पडल्यावर त्यालाच नवल वाटलं, किती लहान होता. "मला नको. पण दवाखान्यात येतो. बाहेर बसतो. खरोखर बसतो."

"चालेल. ताई?"

"मला हवंय," ताई म्हणाली. "त्या दिवसापासून रोज स्वतःची परीक्षा घेतेय. सकाळी उठून दांडीवरचे कोट घोकून बघते, कोणाचा कोणता. एक अडला की दिवस जातो. त्यापेक्षा एकदाच काय ते कळू दे."

*

दवाखान्यात आईलाही न्यावं लागलं, कारण सगळेच निघाले तर घरी तिच्याजवळ कुणीच उरत नव्हतं. रक्त घ्यायच्या खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल आणि खिडकीत एक सुकलेलं रोप होतं. नर्सनं दारातली ही मिरवणूक पाहिली.

"एवढ्या जणांचं घ्यायचंय?"

"माझं नको," आप्पा म्हणाले. "मी आधीच दोनदा दिलंय."

समुपदेशक बाई नर्सच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी खिडकीतल्या रोपाकडे तोंड फिरवलं. दादा बोलल्याप्रमाणे बाहेरच्या बाकावर बसला, पण दार अर्धं उघडं राहील असा. ताई आधी गेली. बाही वर केली, सुई टोचली तेव्हा डोळे मिटले नाहीत. नर्सनं नंबर लावला आणि वाचून दाखवला. ताईनं स्वतः पुन्हा वाचला, मोठ्यानं, जन्मतारखेसकट.

मग धाकटी. नळी भरली, टोपण बसलं. नर्सनं नंबर चिकटवला आणि पडताळायला तिच्या हातात दिली. नळी कोमट होती. धाकटीला वाटलं होतं त्यापेक्षा रक्त काळं होतं, आणि त्यात काय लिहिलंय ते वरून काहीच दिसत नव्हतं. ती नंबर वाचू लागली तेवढ्यात शेजारून एक हात आला. आईचा. आईनं नळी तिच्या बोटांतून अलगद घेतली, उजेडाकडे फिरवली आणि कागदाच्या कडेला नख लावलं.

"अहो आजी, ते काढू नका!" नर्स पुढे झाली.

बाहेरच्या बाकावरून दादा उठला. ताईनं हात पुढे केला. धाकटीनं दोघांना नजरेनं थांबवलं आणि आईच्या नखाशेजारी आपलं बोट ठेवलं. ओढलं नाही.

"आई," ती म्हणाली, "हे राहू दे. हे माझं आहे."

आईनं तिच्याकडे पाहिलं. नाव तिला आठवलं नाही. गेली कितीतरी वर्षं आठवत नव्हतं. तिनं नळीकडे पाहिलं, परत धाकटीकडे पाहिलं, हातात आलेला कोट आणि समोर उभं असलेलं गिऱ्हाईक जुळतं का, ते काउंटरवर पाहायची तसं. मग नख बाजूला केलं. कागदाची सुटलेली कड अंगठ्यानं कॉलरसारखी दाबून बसवली, दोनदा, आणि नळी धाकटीच्या तळहातावर ठेवली.

"तुझंच आहे," आई म्हणाली. "सांभाळ."